डोळे मिटून धरलेला नेम

रायफल खांद्याला लावून उभी असलेली एक मुलगी मध्येच डोळे मिटते, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं असावं असं मला वाटलं. धंद्याच्या सवयीने मी दोन पावलं पुढेही झालो. प्रशिक्षकांनी हात आडवा घातला. मुलीने डोळे मिटूनच दोन श्वास घेतले, मग उघडले, साइटमधून पाहिलं आणि रायफल जराही न हलवता मागचा पाय बोटभर सरकवला. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा दोन श्वास. या खेपेला डोळे उघडल्यावर पाय जागचा हलला नाही. मग कुठे पहिला छर्रा सुटला.

“डॉक्टर, नेम असा धरतात,” प्रशिक्षक म्हणाले. “डोळे उघडे ठेवून धरला की खोटा निघतो.”

कोल्हापुरात तीस वर्षं लोकांचे डोळे तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे वाक्य पचायला जड होतं. पण त्यामागचा हिशेब साधा आहे. उभ्याने धरलेली रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. तिचं वजन स्नायूंवर पेलायचं नसतं, हाडांवर टेकवायचं असतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर ठेवतात ते त्यासाठी. डोळे मिटले की शरीर आपल्या सोयीने जिथे विसावतं, ती त्याची खरी दिशा. डोळे उघडे असले की ते लगेच टार्गेट शोधतात, आणि नळी थोडी बाजूला असली तर हाताच्या स्नायूंना गुपचूप कामाला लावून तिला ओढून आणतात. दिसायला सगळं बरोबर दिसतं. ट्रिगर दाबण्याच्या क्षणी मात्र तो ओढलेला स्नायू सैल पडतो आणि छर्रा शरीराला मुळात जायचं होतं तिकडे जातो. म्हणून डोळ्यांना आधी बाहेर काढायचं, शरीराला स्वतःची दिशा ठरवू द्यायची, आणि मग डोळ्यांना फक्त साक्षीला बोलवायचं. साक्ष जुळली नाही तर हात नाही, पाय हलवायचा.

त्या दिवशी घरी येताना डोक्यात सुरू झालेलं खूळ म्हणजे हे पुस्तक.

त्याआधी मी काय करत होतो तेही सांगायला हवं. कोल्हापूर आणि नेमबाजी यांचं नातं आता महाराष्ट्राला नवं नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणलं. अशा प्रत्येक पदकानंतर माझ्या दवाखान्यात आई-बापांची गर्दी होते. “हिचा नेम चुकतोय हो, नंबर बघा.” मी नंबर बघायचो. नंबर बहुतेक वेळा शून्य निघायचा, किंवा असला तर नगण्य. मी पाठीवर थाप मारून सांगायचो, डोळे उत्तम आहेत, सराव वाढवा. आपण काही चुकीचं सांगतोय अशी शंकाही मला कधी आली नाही.

शंका आणली ती एका पंचेचाळिशीतल्या पोलीस नेमबाजाने. पिस्तूल चालवणारा माणूस, वीस वर्षांचा सराव. त्यांना लांबचा थोडा नंबर लागला होता, जवळचंही सुरू झालं होतं. मी त्यांना लांबचा चोख चष्मा करून दिला. तक्त्यावरची शेवटची ओळ ते धडाधड वाचून गेले आणि मी खूश झालो. पंधरा दिवसांनी चष्मा हातात घेऊनच परत आले. म्हणाले, “टार्गेट आरशासारखं लख्ख दिसतंय, डॉक्टरसाहेब. पण ग्रुपिंग पार फुटलं.” म्हणजे पूर्वी एका रुपयाभोवती पडणाऱ्या गोळ्या आता ताटभर पसरत होत्या.

चूक माझी होती, आणि ती कळायला मला त्यांच्याबरोबर रेंजवर जावं लागलं. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी एक छोटं उभं दातं असतं, फ्रंट साइट. मागे एक खाच असते, रिअर साइट. खाच, दातं आणि टार्गेट या तीन गोष्टी तीन अंतरांवर आहेत आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. मी, डॉक्टर म्हणून, टार्गेट स्पष्ट करून दिलं. नेमबाजाला स्पष्ट हवं असतं ते दातं. टार्गेट धुरकट असलं तरी चालतं, किंबहुना धुरकटच असायला हवं. तरुण डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. ते हवं तेव्हा दात्यावर येऊन बसतं. पंचेचाळिशीत ती लवचीकता गेलेली असते. मग लांबचा चष्मा लावला की डोळा लांबच अडकून पडतो. त्या चष्म्यात मी थोडा अधिकचा नंबर घातला, तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी त्यांना दिसेनाशा झाल्या, आणि गोळ्या पुन्हा रुपयाभोवती आल्या. दवाखान्यात अधू ठरलेली दृष्टी रेंजवर सरस ठरली.

दात्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. पन्नास मीटरवरच्या रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. रायफलच्या दोन साइट्समध्ये अंतर साधारण पाऊण मीटर धरा. पुढची साइट मागचीच्या तुलनेत केसाच्या जाडीएवढी सरकली तर गोळी त्या वर्तुळाच्या मध्यापासून काठापर्यंत जाते. एक केस. याउलट संपूर्ण रायफल, कोन न बदलता, डोलणाऱ्या शरीराबरोबर पाच मिलिमीटर बाजूला गेली तर गोळीही फक्त पाच मिलिमीटर बाजूला जाते. शरीर सरकलं तर नुकसान जेवढ्यास तेवढं. कोन बिघडला तर ते अंतराच्या पटीत वाढत जातं. म्हणून अनुभवी नेमबाज टार्गेटवर नळी थोडी तरंगू देतो, तिला जबरदस्तीने थांबवायला जात नाही. साइट्सचं एकमेकांशी नातं तेवढं जपतो. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पाहायचा प्रयत्न कोणी करत नाही.

आता थ्री पोझिशन्सकडे पाहा. तोच खेळाडू, तीच रायफल, तेच पन्नास मीटर. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून. झोपून मारलेल्या गोळ्यांचे गुण जवळजवळ नेहमी सर्वांत जास्त येतात, उभ्याचे सर्वांत कमी. या एवढ्या वेळात डोळ्याचा नंबर काही बदललेला नसतो. बदललेली असते ती जमिनीशी असलेली ओळख: झोपल्यावर कोपरं, छाती, पोट, मांड्या जमिनीला टेकलेल्या असतात, उभ्याला फक्त दोन तळवे. माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसवून मी ज्यांचे डोळे तपासले, त्यांची खरी अडचण ते खुर्चीतून उठल्यावर सुरू होणारी होती.

मराठीत यासाठी शब्द तयारच आहेत, आपणच ते नीट वापरत नाही. दृष्टी वेगळी आणि नजर वेगळी. दृष्टी असते किंवा नसते, कमी होते, अधू होते. ती मोजता येते आणि तिच्यावर माझं पोट चालतं. नजर मात्र ठेवावी लागते, बसवावी लागते, ती फिरते, चुकते, चुकवताही येते. दृष्टी डोळ्याची, नजर माणसाची. आणि ‘नेम’ हा शब्द तर मला मराठीतला एक चमत्कार वाटतो. लक्ष्यावर रोखणं म्हणजे नेम, आणि रोज पहाटे उठून तीच गोष्ट त्याच वेळी करणं म्हणजेही नेम. ज्याचा भरवसा नाही त्याचा काही नेम नाही. हे पुस्तक दृष्टीबद्दल असेल असं समजून विकत घेणाऱ्यांनी इथेच सावध व्हावं. ते नजरेबद्दल आहे, आणि तिच्याहून जास्त तोलाबद्दल.

तोलाची गोष्ट जरा ऐसपैस सांगतो, कारण तिथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

उभं राहणं आपल्याला काहीच न करणं वाटतं. प्रत्यक्षात उभा माणूस सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो. त्याला सावरायला तीन खबरे आहेत. पहिला तळवे, घोटे, सांधे आणि स्नायू: कुठे किती दाब, कुठे किती ताण. दुसरा कानाच्या आतला: तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं फिरणं टिपतात, शेजारच्या दोन पिशव्या डोक्याचा कल आणि सरळ रेषेतल्या वेगातला बदल टिपतात. तिसरा डोळा. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मॉरिट्झ रॉम्बर्ग या डॉक्टरांनी काही रुग्णांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. उघड्या डोळ्यांनी ठीक उभे असलेले ते रुग्ण डोळे मिटताच डोलू लागले, कोसळू लागले. त्यांच्या पायांकडून येणारी खबर आजाराने बंद झाली होती आणि इतके दिवस डोळा एकटाच किल्ला लढवत होता. असे लोक तोंड धुताना पडतात. साबणाने डोळे मिटले की संपलं.

निरोगी माणसालाही हे करून पाहता येतं. चपला काढून एका पायावर उभे राहा. आता डोळे मिटा. भिंत हाताशी असू द्या. मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात आणि मग भिंतीला धरतात.

डोळा तोलासाठी काय पाहतो? एडिनबरोच्या डेव्हिड ली यांनी १९७० च्या दशकात एक खोली बांधली, जिच्या भिंती आणि छत वरून टांगलेलं होतं, जमीन मात्र पक्की. नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बाळांना आत ठेवलं आणि भिंती हळूच थोड्या पुढे-मागे सरकवल्या. जमीन तसूभर हलली नव्हती, कोणी धक्का दिला नव्हता, तरी बाळं डोलली, कित्येक मटकन खाली बसली. मोठी माणसंही डोलली, फक्त त्यांना त्याचा पत्ता नव्हता. भिंत जवळ आली याचा अर्थ शरीराने ‘आपण पुढे झुकतोय’ असा घेतला आणि स्वतःला मागे ओढलं. मिरज जंक्शनला उभ्या गाडीत बसलेलं असताना शेजारची गाडी सुटली की आपण चाललो असं वाटतं, तेच हे. ली यांचं म्हणणं असं की डोळा बाहेरच्या जगाची बातमी देतो त्याआधी तो आपल्याच शरीराची बातमी देतो. या कामासाठी डोळ्याचा मध्य फारसा लागत नाही. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध जो बारीक खळगा आहे तो हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढाच भाग स्पष्ट पाहतो. तक्त्यावरची अक्षरं त्याच्या ताब्यात. तोलाचं काम बहुतांशी कडेची नजर करते, जी अक्षरं वाचू शकत नाही पण भिंत हलली की ओळखते. तीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या कोणत्याही खेळाडूची कडेची नजर मी ‘खेळासाठी’ म्हणून तपासली नव्हती.

आणखी एक प्रयोग, हातातल्या पुस्तकावरच. हे पान हातभर अंतरावर धरा आणि डोकं झपझप डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता डोकं स्थिर ठेवून पान तेवढ्याच वेगाने हलवा. सगळं फराटा. दोन्ही वेळा हालचाल तीच. फरक असा की डोकं हललं की अंतर्कर्ण डोळ्याच्या स्नायूंना जवळपास दहा मिलिसेकंदांत हुकूम देतो आणि डोळे उलट दिशेला तेवढेच वळतात. पान हललं तर आधी डोळ्याने ते पाहायचं, मग मेंदूने ठरवायचं, मग स्नायूंनी वळायचं. त्याला दसपट वेळ लागतो. धावत झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाचं डोकं प्रत्येक पावलाला आदळत असतं, तरी चेंडू त्याला उड्या मारताना दिसत नाही, ही त्या कानाची कृपा. डोळ्याला स्थैर्य कान देतो, शरीराला स्थैर्य डोळा देतो. दोघांतला आधी कोण, हे विचारण्यात अर्थ नाही.

तोलाच्या या खबऱ्यांत कोणाची जागा कोण घेऊ शकतं, हा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. दहीहंडीच्या खालच्या थरातले गोविंदा माना खाली घालून, एकमेकांच्या खांद्यात तोंड खुपसून उभे असतात; वरून पाणी ओतलं जात असतं; डोळ्यांचा उपयोग शून्य. तरी थर उभा राहतो, कारण तोल तळव्यांतून आणि शेजाऱ्याच्या खांद्यावरच्या हातातून येतो. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की बोटाचं टोक एखाद्या पट्टीला नुसतं टेकवलं, आधार मिळणार नाही इतकं हलकं, तरी डोलणं डोळे उघडल्याइतकं कमी होतं. लोडशेडिंगमध्ये जिना उतरताना आपण भिंतीवर बोट फिरवत जातो ते पडू नये म्हणून नव्हे. पडलो तर ते बोट काय धरणार आहे? ते कळण्यासाठी असतं. मुंबईत दृष्टिहीन मुली दोरीच्या मल्लखांबावर ज्या आढ्या घेतात त्या पाहताना आपल्याला भीती वाटते. त्यांना वाटत नाही, कारण दोरी त्यांच्या पायाच्या बोटांत आहे आणि दोरी खोटं बोलत नाही. दृष्टिहीनांच्या नेमबाजीत नेमसुद्धा कानाने धरतात: रायफल मध्याच्या जवळ येईल तसा हेडफोनमधला सूर चढत जातो.

उलट बाजूही आहे. डोळ्याची खबर बिघडली तर ती नसण्यापेक्षा वाईट. दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्या वयस्कर माणसांना जिन्यावर पडण्याचा धोका अधिक असतो हे ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतून दिसलं आहे, कारण खाली पाहताना पायरीची कड जवळच्या नंबरातून धुरकट दिसते. मी स्वतः असाच शेवटची पायरी नाही समजून ती उतरलो आहे. गुडघ्याला सहा आठवडे लागले. पेशंटने विचारलं तर मी बाथरूममध्ये घसरलो असं सांगत असे.

नेमाबद्दल बोलायचं तर अर्जुनाशिवाय सुटका नाही. पोपटाच्या डोळ्याची गोष्ट प्रत्येक शिबिराच्या उद्घाटनाला सांगितली जाते आणि ती लक्ष एकवटण्याची गोष्ट म्हणून ठीकच आहे. मला मात्र लोकांच्या तोंडची मत्स्यभेदाची गोष्ट जास्त खरी वाटते: मान खाली, कढईतल्या तेलात प्रतिबिंब, बाण वर. ज्याने ती रचली त्याला हे ठाऊक असावं की डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे गेले की आधी तोल जातो आणि मग नेम.

पोपटाच्या गोष्टीला आधुनिक शास्त्राने दिलेलं रूप म्हणजे कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांचं ‘क्वाएट आय’वरचं काम. १९९० च्या दशकात त्यांनी गोल्फपटू आणि बास्केटबॉलपटू यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फटका मारण्याआधी, चेंडू फेकण्याआधी नजर शेवटची कुठे आणि किती वेळ थांबते हे मोजलं. कसलेल्या खेळाडूची नजर एका जागी लवकर जाऊन बसते आणि जास्त वेळ बसून राहते, नवख्याची भिरभिरते. मी याला ‘निवांत नजर’ म्हटलं आहे. यात तीक्ष्णतेचा कुठेही संबंध नाही, आणि याचा सर्वांत धक्कादायक पुरावा लंडनमध्ये मिळाला. २०१२ च्या ऑलिंपिकच्या मानांकन फेरीत दक्षिण कोरियाच्या इम डोंग-ह्यूनने सत्तर मीटरवरून बहात्तर बाणांत ७२० पैकी ६९९ गुण घेऊन जागतिक विक्रम केला. त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी २०/२०० आणि उजव्याची २०/१०० अशी नोंदलेली. तक्त्यावरचं सर्वांत वरचं मोठं अक्षर जेमतेम दिसावं इतकी ही कमी. त्याला रंगांचे डाग दिसत आणि तेवढे त्याला पुरत. चष्मा त्याने लावला नाही. हे ऐकून कोणी आपल्या मुलाचा चष्मा काढून ठेवू नये. पण सत्तर मीटरवरचं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं आणि पिवळा डाग धुरकट असला तरी त्याचा मध्य मध्यच राहतो. दरवेळी त्याच मध्यावर, तेवढ्याच शांतपणे नजर बसवता आली की झालं.

क्रिकेटवर दोन प्रकरणं आहेत, आणि त्यांत सर्वाधिक जागा मन्सूर अली खान पतौडींना दिली आहे. त्यांची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. १ जुलै १९६१ ला इंग्लंडमध्ये होव्ह इथे मोटारीच्या अपघातात काचेचा तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला. सहा महिन्यांच्या आत ते भारताकडून पहिली कसोटी खेळले आणि १९६२ च्या जानेवारीत मद्रासला शतक ठोकलं. ४६ कसोट्या, सहा शतकं, नाबाद २०३ ही सर्वोच्च खेळी. आत्मचरित्रात त्यांनी लिहिलेल्या दोन बारीकसारीक गोष्टी डोळ्याच्या डॉक्टरला या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातात: जगमधलं पाणी ग्लासात ओतायला गेले की ते टेबलावर पडे, आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावून खेळताना दोन चेंडू दिसत, त्यांतला आतला खरा धरावा लागे. हाताच्या अंतरावरची खोली ओळखायला दोन डोळे फार उपयोगी पडतात, म्हणून ग्लास चुकला. बावीस यार्डांवरून येणारा चेंडू किती वेळात पोचेल हे मात्र त्याची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते त्यावरून कळतं, आणि त्याला एक डोळा पुरतो. हे गणित मांडणारे पुन्हा तेच हलत्या खोलीवाले डेव्हिड ली.

याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला, कवटी फुटली, कसोटी कारकीर्द संपली आणि एकवीस वर्षांचे पतौडी कप्तान झाले. कॉन्ट्रॅक्टर सांगतात की ग्रिफिथ चेंडू टाकत असतानाच मागे पॅव्हेलियनची एक खिडकी कोणीतरी उघडली. मैदानावर साइटस्क्रीन नव्हता. एका खिडकीने एक कप्तान बाद केला आणि एका डोळ्याच्या माणसाला कप्तान केलं, असं मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. संपादकांनी ते नाटकी म्हणून काढायला लावलं, म्हणून इथे घालतो आहे.

‘चेंडूवर नजर ठेव’ हा मैदानावरचा सर्वांत जुना सल्ला. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा दिसलं की फलंदाज चेंडूवर नजर ठेवतच नाही. हातातून सुटताना तो चेंडू पाहतो, मग नजर एकदम उडी मारून चेंडू जिथे टप्पा खाईल त्या जागी आधीच जाऊन बसते आणि चेंडूची वाट पाहते. टप्प्यानंतर थोडा वेळ पुन्हा पाठलाग. चांगला फलंदाज ही उडी लवकर घेतो. ऑस्ट्रेलियात तर फलंदाजांना मुद्दाम धुरकट दिसणाऱ्या लेन्स लावून खेळवलं. बराच धुरकटपणा, अधिक तीन नंबराच्या आसपास, येईपर्यंत फलंदाजी म्हणण्यासारखी ढासळली नाही.

यातून एक अप्रिय गोष्ट निघते आणि ती मी स्वतंत्र प्रकरणात लिहिली आहे. ‘स्पोर्ट्स व्हिजन’ नावाखाली पडद्यावरचे ठिपके पकडायचे, डोळे गरगर फिरवायचे असे महागडे कार्यक्रम आता लहान शहरांतही विकले जातात. ब्रूस ॲबरनेथी आणि जोॲन वूड यांनी २००१ मध्ये अशा सर्वसाधारण व्यायामांची पारख केली तेव्हा खेळात सुधारणा आढळली नाही. ठिपके पकडणारा ठिपके पकडण्यात तरबेज होतो. ज्या आई-बापांनी या प्रकारावर पैसे घातले आहेत त्यांना हे प्रकरण आवडणार नाही.

बाकी प्रकरणांबद्दल थोडक्यात. कोणता डोळा प्रधान हे ओळखण्याची पद्धत आणि उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या मुलांचं काय करायचं, हे एका प्रकरणात आहे. एक डोळा मिटून नेम धरणाऱ्यांसाठी दुसरं: मिटलेल्या डोळ्याचा ताण चेहरा थकवतो, आणि एका डोळ्यापुढे अंधार केला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते व दिसणं बिघडतं, म्हणून नेमबाज त्या डोळ्यापुढे काळी नव्हे तर दुधी पट्टी लावतात. पॅरिसमध्ये खिशात हात घालून, साधा चष्मा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मिश्र सांघिक प्रकारात रौप्य नेणारा तुर्कस्तानचा युसुफ दिकेच जगभर थट्टेचा आणि कौतुकाचा विषय झाला. त्याच्यावर दोन पानं आहेत. कथकमधल्या चक्करा आणि नजर एका जागी खिळवून मान शेवटी झटक्यात फिरवण्याची युक्ती यांवर तीन. कुस्तीवर काही नाही, याबद्दल कोल्हापूरकरांची माफी मागतो. एकदा पकड बसली की तिथला तोल जवळपास संपूर्ण स्पर्शाचा आहे आणि त्यावर लिहायला पैलवान हवा.

आकृत्या मी स्वतः काढल्या आहेत, तेव्हा अंतर्कर्ण शंखासारखा कमी आणि जिलबीसारखा जास्त दिसतो. प्रयोग भिंतीजवळ करावेत. चक्कर येणाऱ्यांनी आणि साठीपुढच्यांनी ते एकट्याने करू नयेत.

हस्तलिखित छापायला देण्याआधी त्या पोलीस नेमबाजांना वाचायला दिलं होतं. ते आता निवृत्त आहेत, मुलांना शिकवतात. पहिलं प्रकरण डोळ्याच्या रचनेचं होतं, बाहुली, भिंग, पडदा असं क्रमाने, माझ्या शिक्षणाला शोभेल असं. महिन्याभराने वही परत आली. मजकुरावर कुठे खूण नव्हती. फक्त अनुक्रमणिकेच्या पानावर पेन्सिलीने एक बाण काढला होता, सातव्या प्रकरणापासून थेट पहिल्या जागेपर्यंत. सातवं प्रकरण तळव्यांचं होतं. ते आता पहिलं आहे. डोळा तिसऱ्या प्रकरणात येतो.